उष्णतेची पारख

मीटरगेज रुळांच्या काळात आगगाडी नांदेडच्या फलाटाला लागली, की उतारूंची धांदल आणि हमालांची हाकाटी यांकडे मुळीच लक्ष न देता एक मनुष्य गाडीच्या कडेकडेने, नजर चाकांवर खिळवून चालू लागे. त्याच्या हाती लांब दांड्याची हातोडी असे. प्रत्येक चाकावर तो एक टोला मारी आणि उमटणाऱ्या नादाकडे कान देई. चाक अभंग असले तर स्वच्छ, खणखणीत नाद निघे. कोठे तडा गेला असला तर आवाज बद्द येई. मग तो वाके, आणि चाकाच्या आसाच्या टोकाशी असलेल्या लोखंडी पेटीला आपल्या हाताची पालथी बाजू क्षणभर लावून पाही. पेटी कोमट लागली तर तो पुढच्या चाकाकडे सरके. हात टेकवेनासा झाला, तर मात्र तो डबा पुढे जाऊ द्यावयाचा किंवा नाही, हा प्रश्न उभा राही. शेकडो उतारूंच्या प्राणांचे रक्षण असे एका माणसाच्या कानावर आणि त्वचेवर अवलंबून असे.

या पेटीचे एवढे महत्त्व का, ते पाहू. पेटीच्या आत आसाचे टोक एका पितळी ठोकळ्याखाली फिरे. त्या ठोकळ्याच्या आतील अंगास मऊ पांढऱ्या मिश्रधातूचा थर दिलेला असे. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन कारागिराने १८३९ साली या मिश्रधातूचा उपयोग रूढ केला. खाली तेलात भिजविलेली सुताची गुंतवळ असे व ती आसाला सतत तेल पुरवी. तेल आटले, गुंतवळ सरकली अगर आत वाळूचा कण शिरला, की घर्षण वाढे, मऊ धातू वितळे, आणि शेवटी आसाचे टोकच तापून तुटे. परंतु हा सर्व अनर्थ अकस्मात होत नसे. त्याच्या किती तरी आधी पेटी तापू लागे. बिघाडाचा पहिला जासूद उष्णता होय, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी या तपासनिसांनी ओळखली होती.

निजामाच्या राज्यातील हैदराबाद–गोदावरी खोरे लोहमार्ग १९०० च्या सुमारास नांदेडवरून मनमाडपर्यंत गेला. लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी पोहोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने ती आखताना कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये असा नियम घालून दिला होता. दोन लोहमार्गांची रुंदी निराळी, मालकी निराळी. पण आसाची पेटी तपासणारे साधन दोन्हीकडे एकच होते, आणि ते म्हणजे माणसाचा हात.

हाताच्या जोडीला दुसरा परीक्षक होता तो डोळा. गावोगावचा लोहार विळ्याला अगर कुऱ्हाडीला पाणी देताना पात्यावर चढणाऱ्या रंगाकडे टक लावून बसे. वाळल्या गवतासारखा पिवळा रंग आला म्हणजे धार कठीण राहील. तो जांभळ्यावरून निळ्यावर गेला म्हणजे पाते लवचिक होईल, हे त्याला पिढीजात ठाऊक होते. आज मापून पाहता असे दिसते की, तो पिवळा रंग सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला व निळा सुमारे ३०० अंशांना चढतो. लोहाराजवळ तापमापक नव्हता. परंतु त्याचा अंदाज शास्त्राला सोडून नव्हता.

तथापि या दोन्ही परीक्षकांना मर्यादा होती. सुमारे ६० अंशांच्या तापलेल्या लोखंडावर हात क्षणभरापेक्षा अधिक ठेवता येत नाही. उलटपक्षी, कोणताही घन पदार्थ सुमारे ५२५ अंशांपर्यंत तापल्यावाचून अंधारातसुद्धा लाल दिसू लागत नाही, असे जॉन ड्रेपर याने १८४७ साली दाखवून दिले. घासलेल्या पोलादावरील रंगांची खूण सोडली, तर या दोहोंच्या मधल्या प्रदेशात हात भाजतो आणि डोळा आंधळा असतो. आणि दुर्दैव असे की, विजेच्या तारा, जोड, मोटारी आणि फिरत्या यंत्रांच्या बेअरिंगा बिघडतात त्या नेमक्या याच प्रदेशात. घरात वापरल्या जाणाऱ्या साध्या पीव्हीसी वेष्टनाच्या तारेला ७० अंशांपलीकडचे उष्णतामान सतत सोसवत नाही. सत्तर अंशांची तार दिसावयास शीतल तारेसारखीच असते. उष्णता मापण्याच्या यंत्रांचा इतिहास म्हणजे हात आणि डोळा यांच्यामधील हा काळोख उजळण्याचा इतिहास होय.

पहिले पाऊल तापमापकाचे. फॅरनहाइटने अठराव्या शतकाच्या आरंभी पाऱ्याचा भरवशाचा तापमापक बनविला व सेल्सिअसने १७४२ साली शंभर अंशांची श्रेणी मांडली. परंतु काचेची नळी भट्टीत घालता येत नाही. इंग्लंडमधील प्रसिद्ध कुंभार जोसाया वेजवुड याला आपल्या भट्ट्यांची धग मापावयाची होती. त्याने १७८२ साली मातीच्या लहान गोळ्या भट्टीत ठेवून, त्या किती आकसतात यावरून उष्णता ठरविण्याची युक्ती काढली. भट्टीशी भट्टी ताडून पाहण्यास ती उत्तम ठरली; पण तिचे आकडे फॅरनहाइटच्या श्रेणीत उतरविताना त्याचा हिशेब इतका चुकला की, लोखंडाच्या वितळण्याचे उष्णतामान प्रत्यक्षाच्या कित्येक पट निघाले. तुलनेला खरे आणि आकड्याला खोटे असे हे यंत्र होते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण सव्वादोनशे वर्षांनंतरच्या यंत्रांनाही ती लागू पडते.

दुसरे पाऊल अधिक आश्चर्याचे. युरेनस ग्रहाचा शोध लावणारा विल्यम हर्शेल १८०० साली सूर्यप्रकाश लोलकातून पाडून त्यातील निरनिराळ्या रंगांची उष्णता मापीत होता. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना पारा चढत गेला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा तर त्याहूनही वर गेला. न दिसणारा प्रकाश आहे, याचा हा पहिला पुरावा. त्याचाच पुत्र जॉन हर्शेल याने १८४० साली काजळी चढविलेल्या कागदावर मद्यार्क लावून, तो उष्णतेने कमीजास्त उडून जाताना सूर्याच्या अदृश्य किरणांचे चित्र उमटविले. पित्याने ज्याचा शोध लावला, त्याचे पुत्राने चित्र काढले, असा योग शास्त्राच्या इतिहासात विरळाच.

यानंतर यंत्रे अधिकाधिक संवेदनशील होत गेली. दोन भिन्न धातूंचा सांधा तापविला असता वीज वाहते, हे सीबेकने १८२१ साली पाहिले होते. असे अनेक सांधे एकत्र करून नोबिली व मेलोनी या इटालियन शास्त्रज्ञांनी जे साधन तयार केले, ते तीस फुटांवरील माणसाची ऊब ओळखीत असे. अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली याने १८८० च्या सुमारास बोलोमीटर सिद्ध केला. तापल्याने धातूच्या पातळ पट्टीचा विजेला होणारा रोध बदलतो, या तत्त्वावर तो चाले. आणि पाव मैलावर चरणाऱ्या गाईची ऊबसुद्धा तो दाखवी, असे सांगतात. आजच्या कॅमेऱ्याच्या पोटात जे हजारो कण असतात, ते याच बोलोमीटरचे सूक्ष्म वंशज होत.

यंत्रापाठोपाठ नियमही आले. पदार्थातून बाहेर पडणारे उष्णताकिरण निरपेक्ष उष्णतामानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढतात, हे स्टीफनने १८७९ साली प्रयोगाच्या आधारे सांगितले. बोल्ट्झमनने १८८४ साली त्याची उपपत्ती दिली. आणि १९०० साली प्लँकने किरणांच्या लांबीनुसार होणारी त्यांची वाटणी समजावून दिली. पण हे नियम काळ्याकुट्ट, आदर्श पृष्ठभागाचे आहेत. व्यवहारातील पृष्ठभाग तसे नसतात. काळा रबर किंवा रंग दिलेली भिंत जवळजवळ पूर्ण प्रमाणात किरण सोडते. घासून लख्ख केलेले तांबे शंभरात पाचही सोडत नाही, उलट समोरच्या वस्तूंचे किरण आरशासारखे परत पाठविते. यालाच पृष्ठभागाची उत्सर्जकता म्हणतात. चकचकीत भांडे चुलीवरून उतरविले तरी थंडच दिसते, हा गृहिणींचा अनुभव येथे शास्त्राला मिळतो.

इकडे विजेच्या कारागिराला निराळीच साधने मिळत होती. ओहमने १८२७ साली विद्युत्प्रवाह, दाब व रोध यांचा संबंध सांगितला. सिडनी एव्हरशेड याने १८८९ साली तारेच्या वेष्टनाचा रोध मापणारे यंत्र काढले. हाताने दांडा फिरवून चालणाऱ्या या यंत्राला १९०३ साली मिळालेले ‘मेगर’ हे नाव आजही प्रत्येक वायरमनच्या तोंडी आहे. ब्रिटिश टपाल खात्यातील डोनाल्ड मॅकॅडी हा अभियंता तारायंत्राच्या दुरुस्तीसाठी तीन निरनिराळी मापके वाहून नेण्यास कंटाळला होता. त्याने तिन्ही एका पेटीत बसविली आणि १९२३ साली ॲव्होमीटर बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. आजच्या मल्टिमीटरचा हा पूर्वज. कारागिराच्या कंटाळ्यातून उपजलेले यंत्र कारागिराला सोयीचे ठरावे, यात नवल नाही.

मराठवाड्यात ही साधने वीज आली तशी आली, आणि वीज उशिराच आली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९५० साली केंद्र सरकारने कारागीर-शिक्षणाची योजना सुरू केली व पुढे तिच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यांतून निघाल्या. १९६० साली महाराष्ट्र राज्य व त्याचे वीज मंडळ स्थापन झाले. १९७१ साली परळीचे औष्णिक वीजकेंद्र चालू झाले. नांदेडच्या सरकी काढण्याच्या व गठ्ठे बांधण्याच्या कारखान्यांत, लातूरच्या डाळ आणि तेल गिरण्यांत मोटारी फिरू लागल्या. या कारखान्यांत उष्णतेची पारख हा केवळ यंत्र जपण्याचा प्रश्न नसतो. कापसाच्या ढिगाजवळची एक सैल जोडाची ठिणगी, अथवा डाळीच्या भुशात बुडालेली एक तापलेली बेअरिंग, वर्षाची कमाई आणि कधी माणसाचा जीवही घेऊन जाते.

दुरून उष्णतेचे चित्र दाखविणारे पहिले विक्रीचे यंत्र स्वीडनच्या आगा कंपनीने १९६५ साली पुढे आणले, आणि तेही विजेच्या तारांच्या तपासणीकरिताच. त्याचा डोळा उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवावा लागे. ते वाहून नेणे हे एकट्या माणसाचे काम नव्हे. पुढे अमेरिकेत सैन्याच्या गरजेतून, थंड न करता चालणारे सूक्ष्म बोलोमीटर तयार झाले. ते तंत्र १९९२ साली गुप्ततेतून मोकळे झाल्यावर कॅमेरे हातात मावू लागले आणि २०१४ साली तर ते मोबाइल फोनला जोडता येऊ लागले. जे यंत्र पूर्वी मोठमोठ्या वीज कंपन्यांनाच परवडे, ते आता जिल्ह्याच्या गावातील कंत्राटदाराच्या पिशवीत आले आहे. येथूनच निवडीचा प्रश्न सुरू होतो.

बाजारात स्वस्त मिळते ते पिस्तुलाच्या आकाराचे उष्णतामापक. त्यातून निघणारा लाल ठिपका पाहून पुष्कळांची अशी समजूत होते की, ठिपका पडला त्या बिंदूचे उष्णतामान आकड्यात येते. ही समजूत चुकीची आहे. ठिपका केवळ नेम दाखवितो. यंत्रावर १२ : १ असे प्रमाण लिहिलेले असले, तर बारा सेंटिमीटरवरून ते एक सेंटिमीटर व्यासाची जागा मापते; आठ मीटर उंच खांबावरील जोड मापू गेल्यास ती जागा सुमारे ६७ सेंटिमीटरची होते. तिच्यात जोड बोटभर आणि आकाश हातभर! आकाश यंत्राला फार थंड दिसते, आणि जळू लागलेला जोड निर्दोष ठरतो. हेच यंत्र गिरणीतील मोटारीच्या बेअरिंगसाठी, वीतभर अंतरावरून, उत्तम काम देते. दोष यंत्राचा नाही. प्रश्न न ओळखता यंत्र निवडणाऱ्याचा आहे.

कॅमेऱ्याचेही तसेच. त्याचे चित्र जितक्या अधिक कणांचे, तितके ते दुरून बारीक पाहते. १६० गुणिले १२० कणांच्या कॅमेऱ्याला पंचवीस अंश रुंदीचे भिंग असले, तर आठ मीटरवर त्याचा एक कण सव्वादोन सेंटिमीटर जागा व्यापतो. आकडा विश्वसनीय होण्यास निदान तीन कण लागतात असे धरले, तर साडेसहा सेंटिमीटरहून लहान वस्तूचे उष्णतामान तो नीट सांगू शकत नाही. ३२० गुणिले २४० कणांचा कॅमेरा हीच मर्यादा निम्म्यावर आणतो. सबब ज्याचे काम घरातील फलकांचे, त्याने खांबावरच्या कॅमेऱ्याचे दाम मोजण्याचे कारण नाही. आणि ज्याचे काम खांबाचे, त्याने स्वस्ताईच्या मोहात पडू नये.

यापुढचे ज्ञान दुकानात मिळत नाही. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह निम्मा झाला की उष्णता चतुर्थांश होते. म्हणून गिरणी बंद असताना घेतलेले चित्र व्यर्थ होय. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. भर दुपारी उन्हात तापलेल्या पेट्या सगळ्याच लाल दिसतात, म्हणून बाहेरची तपासणी पहाटे अगर सूर्यास्तानंतर बऱ्याच वेळाने, पण भार चालू असताना करणे इष्ट. लख्ख तांब्याच्या पट्टीचा आकडा खरा मानू नये. वीज बंद करून तिच्यावर आधी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, तर त्या तुकड्याचे उष्णतामान विश्वासाने घेता येते. आणि एकट्या आकड्यापेक्षा तुलना अधिक बोलकी असते. तीन फेजांपैकी दोन जोड ४० अंशांवर आणि तिसरा ७० अंशांवर असेल, भार मात्र सारखाच असेल, तर तिसऱ्याची कहाणी निराळी आहे, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. वेजवुडच्या मातीच्या गोळ्यांनी जो धडा दिला, तोच हा.

परंतु या यंत्राची सर्वांत मोठी मर्यादा अशी की, ते पृष्ठभाग पाहते, अंतरंग पाहत नाही. बाह्य रूप आणि अंतरंग यांतील भेद लातूर जिल्ह्याइतकी जबर किंमत देऊन दुसऱ्या कोणी क्वचितच ओळखला असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तेथील माळवदाच्या घरांच्या दगडी भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या होत्या. पाहणाऱ्याला त्या किल्ल्यासारख्या भासत. पण पुष्कळ भिंती म्हणजे दगडाच्या दोन सुट्या फळ्या असून मध्ये माती व खडी भरलेली होती. दोन्ही फळ्यांना बांधणारे आरपार दगड नव्हते, आणि माथ्यावर मातीच्या जड छताचा भार होता. धक्का बसताच फळ्या अलग झाल्या. जाडी पाहून बळकटीची ग्वाही देणारा डोळा फसला. त्यानंतरच्या पुनर्बांधणीत आरपार दगडांना व आडव्या पट्ट्यांना जे महत्त्व आले, ते या अनुभवातून.

विजेच्या कामातही मोटारीच्या वेटोळ्याचे वेष्टन आतून कुजले असेल तर ते कॅमेऱ्याला दिसेलच असे नाही. तेथे वीज पूर्ण बंद करून मेगरच लावावा लागतो. तारेतून किती प्रवाह वाहतो, हे टाँग टेस्टरनेच कळते. आणि तार मृत आहे किंवा जिवंत, हा प्रश्न तर कॅमेऱ्याला विचारूच नये; थंड तारही प्राण घेते. म्हणून नव्या कारागिराने प्रथम चांगला मल्टिमीटर, मग टाँग टेस्टर, मग मेगर आणि सर्वांत शेवटी कॅमेरा घ्यावा, हा क्रम शहाणपणाचा होय. मल्टिमीटर घेतानाही त्यावरील सुरक्षिततेचा वर्ग पाहावा. मुख्य फलकासारख्या जागी तिसऱ्या वा चौथ्या वर्गाचेच यंत्र हवे. हलक्या यंत्रात अवचित आलेल्या दाबाच्या लोटाने आतच ठिणगी पडते आणि यंत्र धरणारा हात होरपळतो. वीज गेली आहे याची खात्री करताना यंत्र आधी जिवंत तारेवर तपासावे, मग संशयित तारेवर लावावे, आणि पुन्हा जिवंत तारेवर तपासावे. मेलेले यंत्रही शून्यच दाखविते.

आता रेल्वेत आसाच्या पेट्यांच्या जागी बंदिस्त रोलर बेअरिंगा आल्या, दुरून उष्णतामान सांगणारी यंत्रे आली. नांदेड हे २००३ साली रेल्वे विभागाचे ठाणे झाले आणि लातुरास डबे बांधण्याच्या कारखान्याची पायाभरणी २०१८ साली झाली. हाताने पेटी चाचपणारा तपासनीस इतिहासजमा झाला, आणि त्याचा हात भाजण्यापासून वाचला, हे चांगलेच झाले. पण त्याच्याजवळ हाताखेरीज आणखी एक साधन होते. ही गाडी कोठून आली, किती लांब धावली, ऊन किती होते, या बाजूच्या पेट्या कशा लागल्या आणि त्या बाजूच्या कशा, हा हिशेब तो मनातल्या मनात करी आणि मगच निर्णय देई. यंत्राने त्याच्या हाताची जागा घेतली आहे. त्या हिशेबाची जागा घेणारे यंत्र विकत मिळत नाही. ते कारागिराने स्वतःच घडवावयाचे असते, आणि ज्याने ते घडविले, त्याच्याच हाती महागडे उपकरण सार्थकी लागते.